दांड्या काढलेली शेवंती

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळचं काम: सासूबाईंची नखं कापणं.

हे काम दर पंधरा दिवसांनी येतं आणि त्याला अर्धा तास लागतो. उजवा हात पटकन होतो, कारण त्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या कापू देत नाहीत. वेळ लागतो तो डाव्या हाताला. मूठ मिटलेली असते. एकेक बोट उघडून धरावं लागतं, आणि सोडलं की ते पुन्हा आत जातं. मे महिन्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. पाय महिन्याभरात सुधारला, तोंड तर एक दिवसही थांबलं नाही. हात मागे राहिला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी तेव्हाच सांगितलं होतं की हातात जीव आहे, फक्त त्यांनी तो वापरायला हवा. दाबायला म्हणून ताई एक पिवळा रबरी चेंडू देऊन गेल्या. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून सासूबाईंनी तो फटीत बसवला.

"चेंडू दाबून काय हुतंय? माझं काम झालं आता," असं त्या म्हणायच्या.

त्यांचं काम म्हणजे हार. देवळामागच्या गल्लीत चार फुटांची एक लाकडी फळी आहे, वर पत्रा, मागे भिंत. तिथे त्या चाळीस वर्षं बसल्या. सासरे लवकर गेले, दोन मुलं त्या फळीवर मोठी झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला हार शिकवायला घेतलं होतं. मला शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी होती. मी तिसऱ्या दिवशी दोरा खाली ठेवला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. सव्वीस वर्षं झाली, ते त्या विसरलेल्या नाहीत.

मेपासून फळी रिकामी होती. माझ्या चुलत दिरांना ती मोबाइलची कव्हरं विकायला हवी होती. त्यांनी दसऱ्याला विचारलं, दिवाळीला विचारलं. आमच्या ह्यांचं मत द्यावी असं. सासूबाई म्हणत, "द्या की, मला काय करायची हाय?" शेवटी दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला, दीर कागद घेऊन त्यांचा अंगठा घ्यायला येणार असं ठरलं. त्या गल्लीत एकदा सोडलेली जागा कुणाला परत मिळालेली मी पाहिलेली नाही. फळी देऊ नये असं मला वाटत होतं. पण हात चालत नसताना जागा अडवून ठेवा, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी गप्प होते.

"अंगठ्याचंही काढू का आता?" मी नेलकटर धरून विचारलं.

"त्याला हात लावू नगंस."

चाळीस वर्षं त्या नखानं त्यांनी देठ खुडले होते. मी नेलकटर मिटलं आणि पुढच्या कामाला लागले.

पुढचं काम फुलं पोचवायचं होतं. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई ख्रिश्चन आहेत. त्यांच्या चर्चमध्ये महिला मंडळानं त्या दिवशी पुष्परचनांचं प्रदर्शन ठेवलं होतं, चार वाजता उघडणार होतं. दर वर्षी बाईंना दाराजवळचा कोपरा मिळायचा. या वर्षी पहिल्यांदा व्यासपीठासमोरची मधली जागा मिळाली होती. सासूबाईंचा फुलवाला ओळखीचा, म्हणून पांढरी शेवंती आणि निशिगंध आणून द्यायचं मी कबूल केलं होतं. शेवंतीच्या सहा जुड्या, निशिगंधाच्या चार, सगळ्या लांब दांड्यांच्या. बाईंनी ते तीनदा बजावलं होतं.

हे राधानगरीला एका लग्नाला गेले होते. सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही. म्हणून एका हातात फुलांची बादली आणि दुसऱ्या हाताला सासूबाई अशी मी अडीच वाजता रिक्षातून उतरले.

चर्चच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या.

बाई दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, घालून आलात तरी चालतं इथं. फरशी गार आहे."

"तुम्हाला चालत असंल. मला न्हाय चालत."

आत सासूबाई पहिल्यांदाच येत होत्या. मीही. दगडी भिंती, उंच छत, लांब लाकडी बाक. प्रत्येक बाकाच्या टोकाला, प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी वाकून काम करत होतं. एका खिडकीत तांब्याच्या घागरीत उसाचे तुरे उभे केले होते. दुसरीत पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्याची, होडी आणि तिच्यात केशरी झेंडू. मला ऊस रोज दिसतो, पण त्याचा तुरा कुणी घागरीत ठेवावा असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी पहिल्या बाकावर आपला कागद पसरून दाखवला. दोन आठवडे खपून चित्र काढलं होतं. मध्ये निशिगंधाचे उंच तुरे, दोन्ही बाजूंना शेवंती पंख्यासारखी, सगळं पांढरं. खाली फुलं खोचायचा हिरवा फोम भिजवून ठेवायचा. फोम भिजत घालायला बाई मागच्या खोलीत गेल्या. मी सासूबाईंना बाकावर बसवलं, बादली त्यांच्या पायाशी ठेवली आणि पाणी आणायला नळावर गेले. नळावर रांग होती. वीस-एक मिनिटं गेली असतील.

परत आले तेव्हा सासूबाईंच्या ओच्यात शेवंतीचा ढीग होता. नुसती फुलं, प्रत्येकाला पेरभर देठ. सहाच्या सहा जुड्या संपल्या होत्या आणि निशिगंधाची एक जुडीही. दांड्या पायाशी एका बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या.

मी पाण्याची कळशी खाली ठेवली. "आत्ती, हे काय केलंत?"

"काय केलं? रिकामी बसली हुती, गुडघ्यात धरून खुडून ठिवली. वायली काढाय नगं का दांडी?"

"दांडीच हवी होती त्यांना!"

"दांडी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जेवणात ताट खायचं असतं म्हणाले. "दांडी कोण वाहतंय देवाला?"

"वाहायची नव्हती. उभी करायची होती."

"मग तसं सांगायचं की. फुलाची बादली म्होरं ठिवतीस आन् जातीस."

हे खरं होतं, त्यामुळे मला जास्त राग आला. हार करणाऱ्या बाईपुढे दांडीची फुलं ठेवून जायचं म्हणजे दुसरं काय होणार? सात महिने मी घरात फुलं आणली नव्हती, त्यांना त्रास होतो म्हणून. पण या खुडतील असं काही माझ्या मनात आलं नाही, कारण या आता काही करतील हेच मी मनातून काढून टाकलं होतं.

बाई फोम घेऊन आल्या. ओच्याकडे पाहिलं, दांड्यांकडे पाहिलं, आणि फोम बाजूला ठेवून बाकावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी जाऊन दुसरी आणते," मी म्हटलं.

"शनिवारी दुपारी कुठली मिळणार?" त्या म्हणाल्या. तीन वाजत आले होते. मंडळाच्या प्रमुख बाई लांबून बघत होत्या. त्यांनी जवळ येऊन सांगितलं, की चारला दार उघडेल तेव्हा मधली जागा रिकामी दिसून चालणार नाही. तुमचं होत नसेल तर खिडकीतली घागर उचलून इथं ठेवू.

बाईंनी एक फूल घेऊन त्याला दांडीऐवजी तार टोचून पाहिली. देठ चिरला.

"तार टोचू नगा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. आपलं चुकलं हे त्यांना आता कळलं होतं, आणि त्या अशा वेळी माफी मागत नाहीत, हुकूम सोडतात. "दोरा हाय का हितं? पांढरा?"

मागच्या खोलीत शिवणक्लासची मशीन होती. बाईंनी रीळ आणलं. सासूबाईंनी दोरा बोटात ओढून पाहिला. "मशीनचा हाय. ह्यानं फुलाची मान कापती. चार पदरी कर," त्या मला म्हणाल्या.

मी चार पदर केले. त्या बाकावरून खाली फरशीवर बसल्या, मी काखेत धरून बसवलं. समोर वेदी होती. पाय पसरणार तोच थांबल्या. "देवाकडं पाय नगंत," म्हणून बसल्या बसल्या सरकून भिंतीकडे तोंड केलं. मग उजवा पाय लांब केला आणि दोऱ्याचं टोक अंगठ्याला अडकवायला सांगितलं. दोरा पायाच्या अंगठ्यापासून हातापर्यंत ताणून धरायचा, डाव्या हातानं फुलांची जोडी लावायची, उजव्यानं फास टाकून ओढायचा, अशी ती पद्धत. डावा हात मांडीवर मिटलेला पडला होता.

"बस म्होरं," त्या मला म्हणाल्या. "तू लाव जोडी. फास मी टाकते."

सव्वीस वर्षांनी मी हार शिकायला बसले, तेही चर्चमध्ये.

मला ते अजिबात येत नव्हतं. दोन फुलं घ्यायची, तोंडं बाहेर, देठ आत, आणि दोऱ्यावर बरोबर टेकवायची.

"उलटं."

मी फिरवलं.

"अगं उलटं! तोंड भाईर! पोराला निजवल्यागत काय धरतीस?"

एक फास पडला. दुसऱ्या जोडीला माझं एक फूल निसटलं.

"घट धर की!"

"घट्ट धरलं तर चुरगळतं, आत्ती."

"चुरगळतंय कसं? ऑफिसात रबरी शिक्के मारून बोटं दगड झाल्यात तुझी."

बाई दांड्या गोळा करता करता हसल्या. मला हसू आलं नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि हार वीतभरसुद्धा झाला नव्हता. मी घाई केली, त्यामुळे आणखी दोन फुलं मोडली. सासूबाई चडफडत होत्या. पुढची जोडी मी पुन्हा उलटी नेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिकडं आण ती!" आणि माझ्या हातातून फुलं हिसकावून घेतली.

डाव्या हातानं.

मी बघत राहिले. अंगठा आणि दोन बोटं उघडली होती, बाकीची दोन आतच होती. त्या चिमटीत फुलं थरथरत होती. त्यांनी ती दोऱ्यावर टेकवली, उजव्या हातानं फास टाकला, ओढला. त्यांचं लक्ष हाताकडे नव्हतंच, हाराकडे होतं.

"बघतीस काय? दुसरी दे."

मी तोंड उघडलं नाही. काही बोलले असते तर त्यांनी हात खाली ठेवला असता, इतकं मी त्यांना ओळखते. मी फुलं त्यांच्या हाताशी ठेवत गेले, एवढंच. काही वेळा चिमूट बंदच व्हायची नाही आणि फूल गळून पडायचं. मग त्या फुलाला शिव्या द्यायच्या, माझ्याऐवजी. काही वेळा त्या पाच-सहा जोड्या सलग लावायच्या आणि मग हात मांडीवर टाकून श्वास घ्यायच्या. हार काही छान होत नव्हता. सुरुवातीचा माझा भाग विरळ, मधे त्यांचा दाट, मधेच कुठे ढिला. एके काळी असा हार त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता.

तेवढ्यात बाईंना कल्पना सुचली. त्यांनी रिकाम्या दांड्यांची एक उंच पेंढी बांधून फोममध्ये उभी केली, नुसती हिरवी. तिच्या मागे उरलेल्या निशिगंधाचे तुरे. आणि हार वरून, व्यासपीठाच्या कठड्यावरून, पेंढीच्या पायापर्यंत सोडायचा. प्रमुख बाई पुन्हा आल्या. चष्मा वर करून बघत राहिल्या.

"ही रचना आहे का हार आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," बाई म्हणाल्या.

"दांड्या अशा बोडक्याच ठेवणार?"

"फुलं तिथून काढलीत, ते दिसायला हवं ना."

प्रमुख बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला, पण घागर आणायला सांगितलं नाही. चारला पाच कमी असताना हार कठड्यावर चढला. वीतभर आखूड पडला. बाईंनी पेंढीच थोडी वर उचलून ठेवली. मग कार्डावर आपलं नाव लिहिलं आणि खाली सासूबाईंचं.

"काय लिवलंय त्यात?" सासूबाईंनी मला विचारलं.

"तुमचं नाव."

"कशापायी? तक्रार आली तर कुणाला धरायचं म्हणून?"

दार उघडलं आणि माणसं आली. आम्हीही मग सगळ्यांसारखं प्रदर्शन बघितलं. सासूबाई माझा हात धरून बाकाबाकाशी थांबत होत्या आणि मोठ्यानं बोलत होत्या, कारण हळू बोलणं त्यांना येत नाही. अँथुरियमपाशी म्हणाल्या, "हे फूल हाय का प्लास्टिक?" वाळलेल्या फांदीच्या रचनेपाशी म्हणाल्या, "ही जळणाची हितं कुणी इसरली?" मी त्यांना चिमटा काढला. उसाच्या तुऱ्यांपुढे मात्र त्या बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे ब्येस केलंय."

खिडकीजवळ गडहिंग्लजहून एसटीनं आलेल्या एक बाई आपल्या शेवंतीवर पाणी शिंपडत होत्या. लाल शेवंती, पण माना टाकायला लागलेली.

"पावणं, वरनं पाणी मारू नगा," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "फुलात पाणी साचलं की काळं पडतंय. दांडीचं टोक पाण्यात बुडवून तिथंच कापा, तिरकं."

"व्हय का? तुम्ही फुलांचंच करता काय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सात महिने या प्रश्नाचं उत्तर त्या एकाच प्रकारे देत होत्या.

"चाळीस वर्सं," त्या म्हणाल्या. पुढचं, काम झालं वगैरे, त्यांनी या वेळी जोडलं नाही. लगेच त्या बाईंच्या हातातली कात्री बघून ती बोथट असल्याचं सांगितलं.

बक्षीस घागरीला मिळालं आणि ते योग्य होतं. आमच्या हारापुढे लोक थांबत होते, काही फोटो काढत होते, एका मुलीनं आईला विचारलं की ह्या काठ्या कशाला ठेवल्यात. निघताना बाईंनी सासूबाईंचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वर्षी मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

"दांडीची फुलं माझ्याम्होरं ठिवू नगा म्हणजे झालं."

रिक्षात त्या दमून गेल्या होत्या. डोळे मिटून बसल्या. मला वाटलं झोपल्या. बिंदू चौक ओलांडल्यावर डोळे न उघडता म्हणाल्या, "फळीचा डावीकडचा खिळा ढिला हुता. मे म्हैन्यापासनं सांगायचं ऱ्हायलं."

पत्र्याखालच्या लाकडी पट्टीतल्या त्या खिळ्याला त्या तयार हार टांगतात.

"बघते," मी म्हटलं.

संध्याकाळी हे लग्नाहून आले. मी जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "एका हारानं काय होतंय? उद्या हात परत तसाच असंल." हे बरोबरच होतं. जेवताना सासूबाईंचा डावा हात तसाच मांडीवर होता आणि पाण्याचं भांडंही त्यांनी उष्ट्या उजव्या हातानंच उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खिडकीचं दार आपटल्यानं मला जाग आली. फटीत चेंडू नव्हता. सासूबाई कॉटवर बसून बाहेर बघत होत्या, शालीखाली डावा हात, आणि शालीचा तेवढा भाग मधून मधून हलत होता. मी वर्तमानपत्राची घडी करून फटीत बसवली आणि स्वयंपाकघरात जाऊन दिरांना फोन लावला.

"भावजी, आज येऊ नका. जागा द्यायची नाही."

"का ओ वहिनी? म्हातारी बसणार हाय का परत?"

"ते मला माहीत नाही."

"मग अडवून कशाला ठिवताय?"

"खिळा बसवायचा आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ह्यांना चहा दिला, मी काय केलं ते सांगितलं. ते कप खाली ठेवून म्हणाले की हातोडी माळ्यावर आहे. मी हातोडी, दोन इंची खिळा, बादली आणि खराटा घेतला. बाहेर पडताना सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"जुन्या भोकात मारू नगंस! बोटभर वर मार!"

गल्लीत पोचले तेव्हा शेजारच्या फळ्यांवर फुलं लागत होती. मी सात महिन्यांची धूळ खराट्यानं झाडली, फळी दोनदा पाण्यानं धुतली, आणि जुन्या भोकाच्या बोटभर वर खिळा ठोकला.